आरओच्या पापुद्र्याची गोष्ट: पॉलिमर तोच, रेसिपी वेगळी

घरच्या आरओ प्युरिफायरमध्ये पापुद्र्याची एक गुंडाळी असते. तिला म्हणतात मेम्ब्रेन. आजचा एपिसोड तिच्यावर.

१९५०च्या दशकाचा शेवट. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात चार्ल्स रीड यांनी दाखवलं की सेल्युलोज ॲसिटेटचा पापुद्रा दाबाखाली पाणी सोडतो आणि मीठ अडवतो. पण पाणी यायचं अगदी थेंब थेंब. मग पापुद्रा पातळ करायचा ना? इथेच तर गोची होती. समुद्राचं पाणी गोडं करायला हवेच्या दाबाच्या पंचवीसपटीहून जास्त जोर लागतो. पातळ पापुद्रा त्यात फाटणार. जाड टिकेल, पण पाणी देणार नाही.

ही गाठ सोडवली लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये, १९६०च्या सुमारास, सिडनी लोब आणि भारतातून तिकडे गेलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी. मला भारी वाटतं ते हे, की त्यांनी पॉलिमर तोच ठेवला आणि फक्त करायची पद्धत बदलली. आमच्या भाषेत, सोर्स कोड तोच, बिल्डची सेटिंग वेगळी.

त्यांनी पॉलिमर ॲसिटोनमध्ये विरघळवला, त्यात थोडं पाणी आणि मॅग्नेशियम पर्क्लोरेट घातलं. हे मिश्रण थंड ठेवून काचेवर पातळ पसरवलं. काही मिनिटं वरचं ॲसिटोन उडू दिलं आणि मग काच थेट बर्फाच्या पाण्यात! वरच्या बाजूला दुधावर धरते तशी घट्ट साय धरली, जेमतेम ०.२ मायक्रॉनची. खाली सुमारे १०० मायक्रॉनचा, स्पंजसारखा सच्छिद्र थर. साय मीठ अडवते आणि स्पंज तिला दाबाखाली फाटू देत नाही.

शेवटची पायरी म्हणजे साधारण ८० अंशांचं गरम पाणी. त्याने सायीची सूक्ष्म छिद्रं आवळतात. ही पायरी गाळली तर मीठ निसटतं, जास्त तापवलं तर पाणीच अडतं. आणि पापुद्रा उलटा बसवला तर सगळी मेहनत वाया.

पाण्याचा वेग किमान दहापट झाला. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोअलिंगा गावात असा प्लांट सुरू झाला. तिथे एकेकाळी पिण्याचं पाणी रेल्वेने आणावं लागायचं. प्लांट दिवसाला सुमारे १९,००० लिटर पाणी द्यायचा.

आजची मेम्ब्रेन बहुतेक पॉलिअमाइडची असते, पण रचना तशीच आहे: वर पातळ साय, खाली सच्छिद्र आधार. सर्व्हिसवाला पुढच्या वेळी ती बदलेल तेव्हा जुनी मागून घ्या आणि उलगडून बघा. चकचकीत बाजू असते ना, तीच ती साय.