थेर आणि थेरडा

फर्दापूरला माझ्या आजोबांना एका वाड्याच्या ओट्यावरून ‘ए थेरड्या’ अशी हाक येत असे. हाक मारणारा वयाने त्यांच्या नातवाएवढा. आजोबा मान खाली घालून पुढे जात. मला मात्र तो शब्द सलत राहिला. कोशात पाहिले तर अर्थ सापडतो तो ‘म्हातारा, तिरस्काराने’ एवढाच. तिरस्कार आला कुठून, हे कोश सांगत नाही.

शब्दाचे मूळ सरळ आहे. संस्कृत ‘स्थविर’, पाली-प्राकृत ‘थेर’, आणि त्याला हलकेपणा दाखवणारा ‘डा’. भिक्षुसंघात उपसंपदेला दहा वर्षे झालेला भिक्षू थेर होई, तशीच थेरी. केस पिकले म्हणून कोणी थेर ठरत नाही, हे धम्मपदानेच बजावून ठेवले आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील हत्ती ही इंददेव नावाच्या थेराची देणगी, असे तेथील लेख सांगतो. आणि फर्दापूरहून चारेक किलोमीटरांवर, अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यातील शिलालेखात स्थविर अचल यांचे नाव गौरवाने आले आहे. ज्या डोंगरात हा शब्द मानाने कोरला गेला, त्याच डोंगराच्या पायथ्याशी तो माझ्या आजोबांच्या अंगावर थुंकीसारखा पडत होता.

यामागे बौद्धद्वेषच आहे, असे म्हणण्याचा मोह मलाही होतो. पण घाई नको. ‘स्थविर’ म्हणजे वृद्ध, हा अर्थ बुद्धापूर्वीचा आहे. ‘म्हातारडा’ घडला तसाच ‘थेरडा’ही घडू शकतो. ‘पाखंड’ची गोष्ट वेगळी. तिथे पुरावा आहे. अशोकाने बाराव्या शिलालेखात सर्व ‘पासंडां’चा, म्हणजे पंथांचा, सन्मान करावा असे सांगितले, मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायाने पाषंडींचा नुसत्या शब्दानेही आदर करू नये असे फर्मावले. तिथे मान काढून घेणारा हात दिसतो. ‘थेरा’च्या बाबतीत तो दिसत नाही. संघ गेला, विहार ओस पडले, थेराला वंदन करणारे उरले नाहीत. उरले ते पिकलेले केस, आणि ओट्यावर बसून हाक मारणारे.

१९५६ नंतर आजोबांनी दीक्षा घेतली. पुढे एकदा वस्तीवर भिक्षू आले, तेव्हा त्यांची ओळख ‘महाथेर’ अशी करून देण्यात आली. आजोबा दचकले. माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, “यांनाबी तसंच म्हणतेत का रे?”