मल्लाचा पोशिंदा : राजदरबारापासून लोखंडी जाळीपर्यंत



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल, हे मी जाणतो. वसंतातल्या व्याख्यानमालेत ज्ञानेश्वरीवर बोलावे, अर्थसंकल्पावर बोलावे. ठोशा-लाथांच्या धंद्यावर काय बोलायचे? पण ज्या धंद्यात आपली मुले उतरू पाहतात, त्याचा इतिहास वडीलधाऱ्यांनी जाणून घेणे हे कर्तव्यच आहे. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यातील घराघरांत आज मुले मोबाइलच्या पडद्यावर मिश्र युद्धकलेच्या लढती पाहतात. त्यात कुस्तीची पकड आहे, मुष्टियुद्धाचा ठोसा आहे, लाथ आहे आणि गळा आवळून हार कबूल करायला लावण्याचा डावही आहे. हा प्रकार परदेशातून आला असे आपण समजतो. ते अर्धेच खरे आहे. ज्याला पैसे देऊन लढायला लावतात असा मल्ल आपल्याकडे फार जुना आहे. त्याला कोणी पोसले आणि पोसणारा हात सुटला तेव्हा त्याचे काय झाले, एवढाच प्रश्न मी आज घेतला आहे.

आरंभ आपल्या गावापासूनच करू. वालधुनीकाठच्या शिवालयावर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे. उत्तर कोकणच्या शिलाहारांचे, मुम्मुणिराजाच्या वेळचे ते काम. त्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी, इ. स. ११३० च्या आसपास, कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. ही कल्याणी म्हणजे आपले शेजारचे कल्याण नव्हे, बिदरकडचे बसवकल्याण. या ग्रंथात मल्लविनोदाचे प्रकरण आहे. त्यात मल्लांच्या ज्येष्ठिक, अंतर्ज्येष्ठिक आणि गोवल अशा प्रती सांगितल्या आहेत. वयाचाही विचार आहे : विशीच्या आतला तो ‘भविष्णु’, म्हणजे अजून घडणारा, वीस ते तीस वर्षांचा तो ‘प्ररूढ’, म्हणजे पुरता वाढलेला. मल्लाच्या खुराकाची व्यवस्था राजाने लावावी, असेही त्यात आहे. नऊशे वर्षांपूर्वीच्या राजाला दोन गोष्टी ठाऊक होत्या. मल्लाची उमेद जेमतेम दहा वर्षांची असते, आणि ती दहा वर्षे त्याला दुसऱ्याच्या अन्नावर काढावी लागतात. आजच्या ठेकेदारांना पहिली गोष्ट पक्की ठाऊक आहे. दुसरीचा मात्र विसर पडतो.

कोणी म्हणेल, ती कुस्ती झाली, रक्तपाताचा खेळ नव्हे. तर बडोद्याकडे पाहा. गायकवाडांच्या पदरी जेठी मल्ल होते. त्यांची ‘वज्रमुष्टी’ म्हणजे शिंगाचे टोकदार हत्यार उजव्या मुठीत बांधून खेळावयाची कुस्ती. एका हाताने प्रहार आणि बाकी अंगाने पकड, असा हा खरोखरीच मिश्र प्रकार होता. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, १८६० नंतरच्या दशकात, लुई रूसले नावाचा फ्रेंच प्रवासी बडोद्यास आला आणि असे सामने पाहून त्याने त्यांतील रक्तपाताचे वर्णन लिहून ठेवले. म्हैसूरच्या दसऱ्यात जट्टींची वज्रमुष्टी अजून होते. मात्र रक्ताचा पहिला थेंब दिसताच ती थांबवतात. नियम असा हळूहळू येतो. अमेरिकेत १९९३ च्या नोव्हेंबरात डेन्व्हर येथे जाळीच्या आखाड्यातले पहिले सामने झाले, तेव्हा चावू नये आणि डोळ्यांत बोटे घालू नयेत यांपलीकडे फारसे निर्बंध नव्हते. वजनाचे गट, हातमोजे, ठरावीक फेऱ्या, पंचाला लढत थांबवण्याचा अधिकार ही सारी शिस्त पुढच्या सात-आठ वर्षांत बसली.

आपल्याकडे कुस्तीला खरा राजाश्रय दिला तो छत्रपती शाहू महाराजांनी. कोल्हापूरचे खासबाग मैदान १९१२ साली उभे राहिले. तालमी वाढल्या, पंजाबपासूनचे मल्ल येऊन राहू लागले, आणि मल्ल हा मानकरी झाला. पण राजाश्रयाचे एक दुखणे असते : राजा गेला की आश्रय जातो. गामा पहिलवानाचेच पाहा. १९१० साली लंडनला त्याने झिबिस्कोला अडीच तासांहून अधिक वेळ झुंजवले. कुस्ती बरोबरीत सुटली, आणि पुन्हा ठरलेल्या दिवशी झिबिस्को आखाड्यात आलाच नाही. १९२८ साली पतियाळात त्याच झिबिस्कोला गामाने मिनिटाच्या आत चीत केले. पतियाळाचा दरबार होता तोवर गामा राजासारखा राहिला. १९४७ ला फाळणी झाली, संस्थाने गेली. गामा लाहोरास राहिला आणि आजारपण व पैशाची ओढाताण सोसत १९६० साली वारला.

उल्हासनगरच्या श्रोत्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. त्याच फाळणीने सिंधमधील माणसे कल्याणच्या लष्करी छावणीत आणून टाकली आणि १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. त्यांच्या सिंधमध्ये ‘मलाखडा’ नावाची कुस्ती आहे. कमरेला पिळलेले कापड बांधून त्या कापडालाच पकड घालतात. ज्या मातीत तो खेळ होता ती माती मागे राहिली. घर सोडून आलेला माणूस आधी दुकान मांडतो, आखाडा नव्हे. त्याला कोणी दोष देऊ नये.

राजानंतर पोशिंदा झाला तो प्रेक्षक. तिकिटाच्या मैदानांवर मल्ल जगू लागला. याच काळातले खाशाबा जाधव यांचे चरित्र मला सर्वांत बोलके वाटते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीस जाण्यासाठी पैसे पुरेनात. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असे सांगतात. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर त्यांनी मैदाने भरवून, स्वतः कुस्त्या करून, लोकांचे पैसे फेडले. पुढे १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. १९८४ साली अपघाताने गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. पदक मिळवलेल्या माणसाच्या संसाराला आधार दिला तो पदकाने नव्हे, फौजदाराच्या पगाराने.

म्हणून तिसरा पोशिंदा म्हणजे नोकरी. पोलीस, रेल्वे, सैन्य यांनी मल्लांना जागा दिल्या. १९६१ साली दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले, तेव्हापासून या किताबाचा मान चालत आला आहे. २०२३ साली पुण्यात तर गदेबरोबर मोटारगाडीही दिली गेली. पण गाडीला इंधन लागते आणि मल्लाला खुराक. दोन्हींची सोय बक्षीस समारंभात होत नाही.

आता चौथा पोशिंदा आला आहे, तो कंपनी. २०१२ साली मुंबईत मिश्र युद्धकलेचे व्यावसायिक सामने मोठ्या थाटात सुरू झाले. २०१७ च्या नोव्हेंबरात मुंबईचा कुस्तीगीर भरत खंदारे शांघायला जगातील सर्वांत मोठ्या कंपनीच्या आखाड्यात उतरला. तेथे लढणारा, भारतातच घडलेला तो पहिला मल्ल. पहिल्याच फेरीत सोंग यादोंग याने त्याचा गळा आवळला आणि तो हरला. त्या आखाड्यात त्याला दुसरी लढत मिळाली नाही. वर्षानुवर्षांच्या मेहनतीचा हिशेब पाच मिनिटांच्या आत झाला. याला मी त्याचे अपयश म्हणणार नाही. तेथवर पोचणे हेच मोठे काम होते. पण धंद्याची रीत यातून कळते. नवख्या मल्लाचा करार बहुधा असा असतो, की आखाड्यात उतरल्याबद्दल एक रक्कम आणि जिंकल्यास तितकीच आणखी. तो कंपनीचा नोकर नसतो. त्याला महिन्याचा पगार नाही, निवृत्तिवेतन नाही. आणि गुरू, वैद्य, खुराक यांचा खर्च बहुतांशी त्याचाच.

अमेरिकेतल्या मल्लांना हे खटकले. २०१४ साली त्यांनी कंपनीवर खटला भरला : बाजार मुठीत ठेवून आमचे मोल पाडले जाते, असे त्यांचे म्हणणे. दहा वर्षांनी तडजोड ठरली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने ३७ कोटी ५० लाख डॉलरच्या त्या तडजोडीला मंजुरी दिली. मल्लाने पोशिंद्याकडे हिशेब मागावा आणि तो त्याला मिळावा, ही गोष्ट मल्लविद्येच्या इतिहासात मला फार मोठी वाटते.

श्रोतेहो, मुलांना या खेळापासून अडवा असे मी म्हणत नाही. अडवून कोणी थांबत नाही, आणि ज्याच्या अंगात ही विद्या आहे त्याने ती का दडपावी? पण मुलगा करारावर सही करायला निघाला, तर बापाने तीन गोष्टी विचाराव्यात. हाड मोडले तर औषधपाण्याचा खर्च कोण करणार? हरल्यावर हातात काय पडणार? आणि तिशी उलटल्यावर कोणते काम करणार? मानसोल्लासातल्या राजाने यांपैकी खुराकाचा आणि वयाचा विचार लिहून ठेवला. खाशाबांनी तिसऱ्याचे उत्तर स्वतःच्या पगारात शोधले. मुलाजवळ उत्तरे नसतील तर त्याला रागावू नये. त्याच्याबरोबर बसावे, करार मोठ्याने वाचावा, आणि गावातल्या एखाद्या जाणत्या वकिलाला दाखवावा. खर्डेकरांनी घर गहाण ठेवले. आपल्याकडे तर एका संध्याकाळचा वेळच मागितला जात आहे.