आरसी बुकातलं इंजिन

२०१७च्या जूनमध्ये मामाची झेन घेऊन मी आरटीओत गेलो, तेव्हा मामाला जाऊन सहा महिने झाले होते. गाडी २००२ची. पंधरा वर्षं पूर्ण झालेली, म्हणजे पुन्हा पासिंग करून पुढची पाच वर्षं मिळवायची होती. आणि आरसीवर मामाच्या जागी मामीचं नाव लावायचं होतं. हॉर्न, लाईट, टायर सगळं बघून झालं. मग निरीक्षकांनी चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली, ठसा घेतला. तो जुळला. नंतर ते बॉनेटखाली वाकले, टॉर्च मारला आणि बराच वेळ तसेच राहिले.

"हे इंजिन कुठलं हो?"

मला माहीत होतं, पण मी गप्प बसलो. आरसीवर ९९३ सीसी लिहिलं होतं. बॉनेटखाली १२९८ सीसी होतं.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर आहे. ओतकाम, लेथ आणि ऑइल इंजिनं यांसाठी ओळखला जाणारा भाग. मामाचं तिथं छोटं वर्कशॉप होतं. २००८ साली त्याला अपघातात चेपलेली एक एस्टीम भंगारात मिळाली. मागून पार गेलेली, पण पुढचा भाग शाबूत. तिचं इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग आणि संगणकाचा डबा त्याने काढून घेतला आणि दोन रविवारांत आपल्या झेनमध्ये बसवला. चेन-पुलीवर लटकणारं ते इंजिन खाली येताना मी हाताने सरळ धरलं होतं. तेव्हा मी अकरावीत होतो. झेनची ताकद ६० हॉर्सपॉवरवरून ८५ झाली. गाडीचं वजन जेमतेम पाऊण टन. हायवेला मोठ्या गाड्या मागे टाकताना मामाच्या चेहऱ्यावर जे दिसायचं, ते मी नंतर फारसं कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही.

आरटीओतून परतल्यावर मामी एवढंच म्हणाली, "तुझ्या मामानं केलं ते चुकीचं होतं का रे?" या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी छोट्या गाड्यांच्या इतिहासात शिरलो.

मिनीची गोष्ट

ऑगस्ट १९५९मध्ये ब्रिटनमध्ये मिनी आली. तिला मागे उघडणारा पाचवा दरवाजा नव्हता, म्हणून काटेकोर अर्थाने ती हॅचबॅक नाही. पण इंजिन आडवं, पुढच्या चाकांना ताकद आणि उरलेली जागा माणसांना, ही आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांची मांडणी तिनेच रूढ केली. डिझाइनर अ‍ॅलेक इसिगोनिस यांच्या सुरुवातीच्या नमुना-गाडीत ९४८ सीसीचं इंजिन होतं. ती ताशी ९० मैलांच्या पुढे जायला लागली. सामान्य गिऱ्हाइकाच्या हातात एवढा वेग नको, असं ठरलं आणि इंजिन ८४८ सीसीवर आणलं गेलं. ताकद उरली ३४ हॉर्सपॉवर.

म्हणजे या कथेतला पहिला इंजिनबदल उलट्या दिशेचा होता. कंपनीने स्वतःहून ताकद कमी केली.

पुढे आले जॉन कूपर. १९५९ आणि १९६० अशी सलग दोन वर्षं त्यांच्या कंपनीच्या गाडीत बसून जॅक ब्रॅबहॅम फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला होता. या गाडीत मोठं इंजिन घाला, असा आग्रह त्यांनी धरला. इसिगोनिस यांना आधी ते पटेना, त्यांनी गाडी साध्या माणसासाठी केली होती. शेवटी १९६१मध्ये मिनी कूपर आली. इंजिन ९९७ सीसी, ताकद ५५ हॉर्सपॉवर. १९६४, १९६५ आणि १९६७ साली मिनीने माँटे कार्लो रॅली जिंकली. १९६६ला तर ती पहिली आली होती, पण हेडलाईटच्या नियमावर बोट ठेवून तिला बाद केलं गेलं.

हा इतिहास सांगताना एक तपशील बऱ्याचदा सुटतो. १९६१च्या कूपरला फक्त मोठं इंजिन मिळालं नाही, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही मिळाले. साध्या मिनीला तेव्हा चारही चाकांना ड्रम होते. रेसिंगमधल्या माणसाला माहीत होतं की ताकद वाढवायची तर थांबायची सोय त्याच दिवशी करायची.

जर्मनीत हेच पुन्हा घडलं. फोक्सवॅगन गोल्फ १९७४ला आली, तेव्हा तिचं सर्वांत लहान इंजिन ५० हॉर्सपॉवरचं होतं. १९७६मध्ये गोल्फ जीटीआय आली. तिच्यातलं १.६ लिटरचं, ११० हॉर्सपॉवरचं इंजिन ऑडी ८० जीटीईकडून आलं होतं. घरातल्या मोठ्या भावाचं इंजिन धाकट्याच्या अंगात घातलं, तसंच. कंपनीला वाटलं होतं पाच हजार गाड्या खपतील. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून जास्त खपल्या. इथेही इंजिनासोबत ब्रेक आणि सस्पेन्शन बदललं होतं.

आपल्याकडचा कारखानी जुगाड

भारतात उलटी परिस्थिती होती. परवाना राजात नवी गाडी मुळापासून बनवणं जवळपास अशक्य. मग परदेशातून जुना साचा आणायचा आणि त्यात मिळेल ते इंजिन बसवायचं. १९८४ची काँटेसा म्हणजे ब्रिटनच्या व्हॉक्सहॉलचा लांबरुंद देह आणि आत अँबॅसिडरच्या घराण्यातलं दीड लिटरचं इंजिन. ताकद ५० हॉर्सपॉवरच्या आसपास. पुढे तिला इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन मिळालं आणि मग ती आपल्या रूपाला शोभेल अशी पळू लागली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तेच इसुझू इंजिन अँबॅसिडरमध्येही आलं. पन्नाशीच्या दशकातला देह, ऐंशीच्या दशकातलं हृदय.

सर्वांत वाईट उदाहरण १९८५च्या स्टँडर्ड २०००चं. ही मूळची ब्रिटनची रोव्हर, मोठी देखणी हॅचबॅक. तिकडे तिच्यात साडेतीन लिटरचं व्ही-एट इंजिन मिळायचं. मद्रासच्या कारखान्याने तिच्यात जुन्या स्टँडर्ड व्हॅनगार्डच्या वंशातलं दोन लिटरचं इंजिन घातलं, सुमारे ८३ हॉर्सपॉवरचं. गाडी महाग, पेट्रोल पिणारी आणि मंद. काही वर्षांतच ती बंद पडली.

हे सगळे इंजिनबदलच होते. फरक इतकाच की ते कारखान्याच्या गेटच्या आत झाले, म्हणून त्यांना 'नवं मॉडेल' म्हटलं गेलं. गेटच्या बाहेर मिस्त्रीही तेच करत होते. टॅक्सीवाल्यांच्या अँबॅसिडर आणि फियाटमध्ये पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवायचा मोठा धंदा चालायचा. तिथं हेतू वेगाचा नव्हता, पोटाचा होता.

एका घरातली इंजिनं

मग मारुती आली. १४ डिसेंबर १९८३ला पहिल्या ८००ची चावी दिली गेली. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. १९९०ला मारुती १०००, १९९३ला झेन, १९९४ला एस्टीम. यातल्या झेन आणि एस्टीम या दोघींची इंजिनं सुझुकीच्या एकाच 'जी' घराण्यातली. चार सिलिंडर, अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक. झेनच्या सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर, एस्टीमचा ७४. पिस्टनची धाव झेनमध्ये ६१ मिलिमीटर, एस्टीममध्ये ७५.५. रुंदी जवळपास तीच, फक्त उंच झालेला भाऊ.

म्हणून मामाला दोन रविवार पुरले. हुशारी त्याची होतीच, पण निम्मं काम सुझुकीच्या इंजिनिअरांनी आधीच करून ठेवलं होतं. आणि एस्टीम इतक्या खपल्या होत्या की अपघातात गेलेल्या गाड्यांची इंजिनं भंगार बाजारात सहज मिळत. पुणे, मुंबई, दिल्ली, बंगळूर, कोईमतूर, जिथं मारुती तिथं झेनमध्ये एस्टीमचं इंजिन घालणारं कुणीतरी असायचंच.

गंमत म्हणजे २००५ साली मारुतीने स्वतः तेच केलं. स्विफ्ट आली, तेव्हा तिच्या पेट्रोल मॉडेलमध्ये याच घराण्यातलं १२९८ सीसीचं इंजिन होतं, ८७ हॉर्सपॉवरचं. मामाने शोरूममध्ये बॉनेट उघडून पाहिलं आणि हसत म्हणाला, "हे तर आपलंच पोरगं." झेनची कल्पना त्याच्या डोक्यात त्या दिवशी शिरली असणार.

पण स्विफ्ट या इंजिनासाठी ब्रेक, चाकं, सांगाडा सगळं घेऊन आली होती. मामाची झेन फक्त इंजिन घेऊन बसली होती.

आंबा घाट

२००९च्या दिवाळीत आम्ही रत्नागिरीला निघालो. मामा, मामी, मागे मी आणि माझी बहीण. आंबा घाट उतरताना मामा रंगात होता. सरळ पट्टा आला की पाय दाबायचा, वळण आलं की ब्रेक. पाचसहा वळणांनंतर जळका वास आला. पुढे एसटी होती. मामाने ब्रेक दाबला आणि पेडल मऊ लागत खाली गेलं. त्याने गाडी दुसऱ्यात टाकली, हँडब्रेक ओढला आणि डाव्या बाजूच्या गटारात चाक घालून थांबवली. पुढच्या चाकांतून धूर येत होता. बहीण रडायला लागली. मामी काही बोलली नाही. मामा पण नाही.

यामागचं गणित शाळेतलंच आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. ताशी ८०वरून १०० केलं, म्हणजे वेग सव्वापट. पण ब्रेकला पचवावी लागणारी ऊर्जा दीडपटीहून जास्त. ६० हॉर्सपॉवरची झेन दोन वळणांमध्ये जेवढा वेग घ्यायची, तेवढ्या उष्णतेसाठी तिचे ब्रेक होते. नव्या इंजिनाने प्रत्येक वळणाआधी वेग वाढवला आणि हिशेब ब्रेकच्या नावावर टाकला. घरी आल्यावर मामाने पुढचे ब्रेक बदलले. जॉन कूपरने पहिल्या दिवशी केलं, ते मामाने दीड वर्षाने केलं. मधल्या दीड वर्षात आम्ही फक्त नशिबाने वाचलो होतो.

कागद काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८चा. त्याच्या कलम ५२मध्ये वाहनातल्या बदलांविषयी लिहिलं आहे. २००० सालच्या दुरुस्तीनंतर ते जास्त कडक झालं. कंपनीने मुळात जे तपशील दिले आणि जे आरसीत नोंदले गेले, त्यांच्याशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. खराब झालेलं इंजिन बदलायची सोय कायद्यात आहे, पण त्याला नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. ९९३च्या जागी १२९८ सीसी हा प्रकार त्यात बसत नाही. जानेवारी २०१९मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ स्पष्ट केला.

आधी मला हे अन्यायाचं वाटायचं. कारखान्याने केलं तर मॉडेल, मिस्त्रीने केलं तर गुन्हा? पण आंबा घाट आठवला की राग टिकत नाही. कारखान्याला आपली गाडी किती अंतरात थांबते, हे विकण्याआधी सिद्ध करावं लागतं. मामाला कुणी विचारलं नव्हतं. समोरच्या एसटीतल्या माणसांना तर अजिबातच नाही.

तरी एक खंत उरते. काही देशांत बदललेली गाडी तपासून, ब्रेकची चाचणी घेऊन तिची नव्याने नोंद करायची वाट असते. जर्मनीत असा बदल मान्यताप्राप्त तज्ज्ञाला दाखवून कागदावर चढवता येतो. आपल्याकडे ती वाट असती, तर मामासारखा माणूस चोरून काम करण्याऐवजी कुणा इंजिनिअरसमोर उभा राहिला असता. आणि त्या इंजिनिअरने पहिल्याच दिवशी विचारलं असतं, "ब्रेकचं काय?"

दोन वर्षं झेन शेडमध्ये उभी राहिली. निकालाची बातमी वाचली तेव्हा ठरवलं. मामाने मूळ इंजिन विकलं नव्हतं. वर्कशॉपच्या माळ्यावर, ग्रीस लावून, गोणपाटात बांधून ठेवलं होतं. त्याच्या जुन्या फिटरने आणि मी मिळून ते परत बसवलं. या वेळी चेन-पुली मी ओढली. नंबर जुळले, पासिंग झालं, आरसीवर मामीचं नाव आलं. ब्रेक मात्र मामाने बदललेलेच ठेवले आहेत.

परवा मामीसोबत जोतिबाला गेलो. चढावर गाडी दमली. मामीने निमूटपणे दुसरा टाकला.

"आधी हिथं तिसऱ्यात जायची," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "पण तेव्हा मी डोळे मिटून बसायची."