मेळघाटांतील आरोग्यपत्रकें : एक उपेक्षित साधन

वऱ्हाडच्या इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे एलिचपूरच्या नबाबींतील फार्सी कागद, देशमुख-देशपांड्यांचीं दप्तरें आणि १८०३ त वेलस्लीनें घेतलेल्या गाविलगडाविषयींचा पत्रव्यवहार इकडेच आमच्या संग्राहकांचें लक्ष जातें. तें योग्यच होय. परंतु ज्या मेळघाटांत हा गड उभा आहे तेथेंच आमच्या हयातींत निर्माण झालेल्या एका कागदवर्गाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. तीं म्हणजे गांवोगांवचीं आरोग्यपत्रकें.

१८५३ च्या तहान्वयें वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभारांत गेला व पुढें सरकारी दवाखाने निघाले. अमरावतीचें डफरीन व अकोल्याचें लेडी हार्डिंग हीं नांवें अद्यापि लोकांच्या तोंडीं आहेत. दवाखाना सुधारावा कसा, याची सरकारी रीत मात्र एकच होती. वरिष्ठानें यावें, दप्तर पाहावें, शेरा मारावा. पाहणारा वरचा आणि कागदही वरच जाणारा. ज्याच्यासाठीं दवाखाना त्या रोग्यास शेऱ्यांत जागा नाहीं.

१२ एप्रिल २००५ रोजीं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालें, आणि २००७ त त्याखालीं अमरावती, पुणें, ठाणें, नंदुरबार व उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) या पांच जिल्ह्यांत ‘लोकाधारित देखरेख’ या नांवाचा प्रयोग झाला. प्रत्येक जिल्ह्यांत ४५, मिळून २२५ गांवें. प्रांतभर जुळणी पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे आणि अमरावती जिल्ह्याची ‘खोज’ संस्थेकडे होती. आमच्या मतें या प्रकरणांतील नवी गोष्ट म्हणजे मध्यें उभा राहिलेला हा त्रयस्थ. तो सरकारी नोकर नव्हे व निरीक्षकही नव्हे. त्यानें गांवकरी जमवावे आणि विचारावें : परिचारिका येते काय? मुलांस लस टोंचली काय? औषध मिळालें, कीं बाहेरून आणण्यास सांगितलें? पैसे घेतले काय? उत्तरांवरून हिरवा, पिवळा किंवा तांबडा रंग द्यावा व पत्रक गांवांतच लावावें. मोडी न येणाऱ्यास मोडी कागद जसा मुका, तसा निरक्षर कोरकूस सरकारी अहवाल मुका. रंग मात्र त्यास वाचतां येतो. ही युक्ति साधी, पण तिच्यामुळें शेरा प्रथमच खालीं उतरला.

पत्रकावर सर्व भिस्त ठेवूं नये. सर्व सेवा धरतां ‘चांगला’ हा शेरा पांच जिल्ह्यांत पहिल्या फेरीस शेंकडा ४८ होता, तो तिसऱ्या फेरीस ६६ झाला असें प्रसिद्ध आहे. पण काम करणारा व मोजणारा एकच पक्ष असतां संशोधकानें असे आंकडे जपूनच घ्यावे. शिवाय तांबडा रंग दोष दाखवितो, दोषी दाखवीत नाहीं. औषध संपलें तें केंद्राच्या डॉक्टराच्या हयगयीनें, कीं जिल्ह्याहून पुरवठाच आला नाहीं? डोंगराळ व आदिवासी मुलखांत २०,००० वस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा दंडक आहे; तेथील रिकामी जागा भरणें डॉक्टराच्या हातीं नसतें. हा उलगडा केंद्राच्या समितींत व जनसुनावणींत व्हावयाचा. गांवकरी, डॉक्टर व जिल्ह्याचे अधिकारी समोरासमोर बसत, आणि गाऱ्हाणें कोणाच्या पदरीं जातें तें तेथें ठरे. म्हणून आम्हांस पत्रकापेक्षां सुनावणीचें टिपण अधिक मोलाचें वाटतें.

अडचण अशी कीं हे कागद कोणत्याच दप्तरखान्याचे नव्हेत. त्यांत १९७४ त मेळघाट व्याघ्रप्रकल्प झाला, आणि केलपाणी, गुल्लरघाट, सोमठाणा इत्यादि गांवें पुढें उठून अकोला जिल्ह्यांत अकोट तालुक्याकडे गेलीं. तेथें त्यांच्या गाऱ्हाण्यांत आरोग्यसेवेचें गाऱ्हाणें होतेंच. गांव हललें, केंद्र बदललें, जिल्हाही बदलला. अशा गांवांविषयींचे कागद शोधणारानें अमरावती व अकोला या दोन्ही ठिकाणीं चौकशी करावी.

मेळघाटांत फिरणाऱ्या सभासदांस आमची सूचना एवढीच कीं, पत्रक मिळाल्यास नकलेवर न भागवितां अस्सल पाहावें. रंग फिका पडला असल्यास कोणत्या प्रश्नापुढें कोणता होता तें तेव्हांच टिपून ठेवावें. गांव, केंद्र, फेरी व तारीख नोंदावी. रोग्यांचीं नांवें आढळल्यास तीं झांकूनच नक्कल छापण्यास द्यावी.