मार्श चॅपेलमधला रविवार

१९५३ चा नोव्हेंबर. बॉस्टनच्या कॉमनवेल्थ अ‍ॅव्हेन्यूवर तुम्ही ट्रॅममधून उतरता. चार्ल्स नदीवरचा वारा कोटातून आत शिरतो. समोर बॉस्टन विद्यापीठाचं मार्श चॅपेल आहे. घाट जुना, गॉथिक. पण इमारत जेमतेम तीन वर्षांची. आत या, मिळेल त्या बाकावर बसा. शेजारी गोरी मुलगी, पलीकडे काळा विद्यार्थी, पुढे एक प्राध्यापक. यात विशेष काय, असं वाटेल तुम्हाला. पण या देशाच्या दक्षिणेत आज शाळा, बस, खाणावळी, सगळं रंगावरून वाटलेलं आहे, आणि बहुतेक चर्चदेखील. शाळांतली ही वाटणी घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला अजून सहा महिने आहेत.

ऑर्गन थांबतो. झगा घातलेले पाळक पुढे येतात. हे हॉवर्ड थर्मन, चॅपेलचे नवे डीन. गोऱ्यांचं प्राबल्य असलेल्या विद्यापीठात या पदावर आलेले ते पहिले कृष्णवर्णीय. ते डोळे मिटतात आणि बोलतच नाहीत. तुम्ही वाट पाहता. कुणीतरी खोकतं, बाक करकरतो, मग तेही थांबतं. ही उपासना विद्यापीठाच्या रेडिओवरूनही जाते, म्हणजे हा अबोला आत्ता शहरातल्या कितीतरी घरांत ऐकू जात असेल. अखेर आवाज येतो, खोल आणि संथ. एक वाक्य, मग पुन्हा विराम. घाईनं देवाकडे जाता येत नाही, हे ते सांगत बसत नाहीत. तुमच्याकडून करवून घेतात. मला त्यांच्या उपासनेतलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

या शांततेमागे काय आहे, ते ठाऊक असू द्या. थर्मन यांची आजी फ्लोरिडात गुलाम होती. मालकानं आणलेला पाळक पौलाच्या पत्रांतून गुलामांना आज्ञाधारकपणा शिकवायचा. आजीला वाचता येत नव्हतं, नातू तिला बायबल वाचून दाखवी. पण पौलाची पत्रं ती वाचू देत नसे. अपवाद एकच, करिंथकरांच्या पहिल्या पत्रातला प्रीतीचा अध्याय. पुढे १९३५ मध्ये एका दौऱ्यात कोलंबोत एका माणसानं थर्मन यांना तोंडावर विचारलं: तुमच्या लोकांना गुलाम करणाऱ्यांचा धर्म तुम्ही कसा पाळता? त्या प्रश्नाला त्यांनी बगल दिली नाही. १९४९ चं त्यांचं ‘जीझस अँड द डिसइनहेरिटेड’ हे पुस्तक त्याच प्रश्नापासून सुरू होतं.

त्याच दौऱ्यात, फेब्रुवारी १९३६ मध्ये, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या बार्डोलीला ते आणि पत्नी स्यू गांधीजींना भेटले. गांधीजींनीच प्रश्नांची सरबत्ती केली: मताधिकार, शिक्षण, झुंडीनं होणारे खून. निघताना त्यांनी गाण्याची विनंती केली आणि स्यूबाईंनी गुलामांच्या परंपरेतलं क्रूसावरच्या येशूचं गीत म्हटलं. अहिंसेचा निर्भेळ संदेश कदाचित अमेरिकेतल्या काळ्या लोकांकडूनच जगाला मिळेल, असं गांधीजी त्या वेळी म्हणाले. महादेवभाई देसाईंनी तो संवाद ‘हरिजन’मध्ये छापला.

आता आजूबाजूला नजर टाका. चोवीस वर्षांचा एक संशोधक विद्यार्थी या विद्यापीठात पीएच.डी. करतो आहे. अटलांटाच्या पाळकाचा मुलगा, जूनमध्ये लग्न झालेला. थर्मन त्याच्या घरच्यांच्या ओळखीचे. तोही अधूनमधून इथे येऊन ऐकतो. मार्टिन ल्यूथर किंग हे नाव अजून वर्गाबाहेर फारसं कुणाला माहीत नाही. दोन वर्षांनी दक्षिणेतल्या माँटगोमेरीतले हजारो काळे लोक बसमध्ये चढायचं नाकारतील आणि वर्षाहून अधिक काळ पायी चालतील. तेव्हा त्यांच्या पुढे हाच असेल.

आशीर्वचन झालं. मंडळी दाराशी रेंगाळतात, एकमेकांची चौकशी करतात. सहभागिता म्हणतात ती इथेही पायरीवरच जास्त फुलते. थर्मन एकेकाचा हात हातात घेतात. रांगेत तुमच्यापुढे दोघंच उरलेत. तुम्ही मुंबईहून आलात, हे सांगा. बार्डोलीबद्दल विचारा.