टिळकनगर: बांधलं आणि उकललं

धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत. पत्ता विचारला की ‘चार नंबर गल्ली’, ‘सहा नंबर गल्ली’ असं उत्तर मिळतं आणि बाहेरगावचा माणूस हसतो. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नाही. 1818 मध्ये पेशवाई संपली, खानदेश इंग्रजांकडे गेला आणि पुढच्याच वर्षी कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला जिल्ह्याचं ठाणं करून सरळ रस्त्यांची नवी वसाहत आखली. पांझरेकाठचं जुनं गाव वाटेल तसं वाढलेलं आणि त्याच्या शेजारी ही पट्टी लावून काढलेली पेठ. मी वास्तुकलेची विद्यार्थिनी. आखीव नगररचना हा शब्द वर्गात पहिल्यांदा कानावर आला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे चंदीगड नाही, आमच्या गल्ल्या आल्या.

मागच्या सत्रात आम्हाला काम मिळालं होतं: खानदेशातली एखादी ‘समकालीन’ वास्तू निवडा, तिच्याविषयी स्वतःला काय वाटतं ते लिहा, पुस्तकातलं उतरवू नका. निम्म्या वर्गाने जळगाव महापालिकेची सतरा मजली इमारत घेतली. साहजिकच आहे. केळी-कपाशीच्या मुलखात एवढी उंच सरकारी इमारत उभी राहते, तिच्यावरून वर्षानुवर्षं राजकारण चालतं, म्हणजे लिहायला मजकूर भरपूर. उरलेल्यांनी जळगावचंच गांधीतीर्थ हे संग्रहालय घेतलं. मी जे घेतलं ते आज जागेवर नाही, म्हणून सरांनी आधी नाहीच म्हटलं. मी घेतलं फैजपूरचं टिळकनगर, डिसेंबर 1936 च्या काँग्रेस अधिवेशनासाठी उभारलेलं.

काँग्रेसचं अधिवेशन तोवर नेहमी शहरात भरत आलेलं. खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन फैजपूरचं, तेव्हाच्या पूर्व खानदेशातलं. 27 आणि 28 डिसेंबरला ते झालं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी आणि त्यांचे सहकारी तयारीला लागले, साने गुरुजींनी त्यासाठी जिल्हाभर पायपीट केली, मुंबईहून धावकांनी ज्योत आणली. ठराव, भाषणं, शेतीविषयक कार्यक्रम हे इतिहासाच्या पुस्तकात सापडतं. नगर कसं उभं राहिलं, हे मात्र दोन ओळींत उरकतात. मला त्या दोन ओळींचंच वेड लागलं.

गांधीजींची अट सोपी होती आणि म्हणूनच अवघड. खेड्यातलं अधिवेशन खेड्यातल्याच सामानाने, खेड्यातल्याच हातांनी उभं राहिलं पाहिजे. या कामासाठी त्यांनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावलं. नंदबाबूंनी आधी अंग काढून घ्यायचा प्रयत्न केला. मी चित्रकार, बांधकामातलं मला काय कळतं, असा त्यांचा सूर होता. गांधीजींनी तो मानला नाही. बांधणीच्या बाजूला म्हात्रे नावाचे वास्तुविशारद होते. फैजपूरच्या भाषणात गांधीजींनी श्रेय म्हात्रे आणि नंदलाल या दोघांना जोडीने दिलं. वर असंही कबूल केलं की, कलेची जाण देवाने मला दिली, पण ती प्रत्यक्षात उतरवणारे हात दिले नाहीत. नंदलाल सगळ्यांना माहीत आहेत. म्हात्र्यांबद्दल वर्गात कुणी विचारत नाही, आणि मला वाटतं, आमच्या धंद्याचं नशीबच हे.

नंदलालना हा मुलूख परका नव्हता. 1909 च्या हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅम अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला आल्या, तेव्हा त्यांच्या मदतीला कलकत्त्याहून आलेल्या तरुणांत नंदलाल होते. लेण्यांखालच्या फर्दापूरला मुक्काम आणि दिवसभर अंधाऱ्या लेण्यात रेषा उतरवून घ्यायच्या. सव्वीस-सत्तावीस वर्षांनी तोच माणूस या मुलखात परत आला तो भिंतीवरची चित्रं उतरवायला नव्हे, भिंतच उभी करायला. आणि ती भिंत बांबूची, तट्ट्याची.

बांबू, तट्टे, गवत, पेंढा यांवर टिळकनगर उभं होतं. उत्तरेला सातपुडा, डिसेंबरात पावसाची भीती नाही, रात्री मात्र हाडं गोठवणारी थंडी. अशा हवेत दोन-चार आठवडे टिकणारी माणसांची वस्ती उभारायची, नंतर सगळं सामान गावाच्या कामी यावं अशा बेताने. प्रदर्शन खादीचं आणि ग्रामोद्योगांचं. अध्यक्षांच्या मिरवणुकीसाठी मोटार नव्हती. नंदलालनी बैलगाडी सजवून तिचा रथ केला आणि बैलांच्या सहा जोड्या लावून नेहरू गावात आले. सहा जोड्या हाकणं म्हणजे काय, हे ज्याने एक जोडी हाकली आहे त्यालाच कळेल. वळणावर पुढची जोडी वळते तेव्हा मागची अजून सरळच चाललेली असते. हा रथ कलाकाराने रंगवला खरा, पण चालवला गाडीवानांनी.

झेंडा चढवताना दोर अडकला. उंच काठीच्या टोकाशी झेंडा अर्ध्यावर लटकलेला, खाली सगळे पुढारी तोंड वर करून उभे. तेव्हा शिरपूरकडचा एक तरुण सरसर वर चढला आणि त्याने तो सोडवला. आमच्या धुळे जिल्ह्यात ही गोष्ट अभिमानाने सांगतात. मला तिच्यात वेगळंच दिसतं: कप्पी नीट बसवली नाही की काय होतं त्याचा हा नमुना.

सत्राच्या कामासाठी मी टिळकनगराच्या एका काल्पनिक कमानीची प्रतिकृती करायला घेतली. कॉलेजात फोमबोर्ड आणि कटर मिळतं, बांबू बांधायला कुणी शिकवत नाही. शेवटी आमच्या भागातल्या एका बुरूड काकांकडे जाऊन बसले. त्यांनी कोयत्याने बांबू चिरला तो थेट टोकापर्यंत, रेघ कुठेही सरकली नाही. मग आडवा बांबू उभ्याला बांधताना माझा हात धरून म्हणाले, “पेराच्या वर बांध. पेर त्याला खालून धरतं. मधेच बांधलंस तर ओझं पडलं की घसरतो.” मी बांधलेला जोड त्यांनी हाताने दाबून पाहिला, तो घसरला, आणि काही न बोलता त्यांनी तो सोडून पुन्हा माझ्या हातात दिला. भार जोडातून कसा उतरतो हे त्याआधी वहीत सोडवलं होतं. फैजपूरला गांधीजींनी ज्या स्थानिक कारागिरांवर भिस्त ठेवली, त्यांच्यातल्या एकाचंही नाव माझ्या वाचनात आलं नाही. नंदलालचं नाव लागतं, म्हात्र्यांचं अर्धं लागतं, बुरुडाचं लागतच नाही.

आता गांधीतीर्थाबद्दल. जैन हिल्सवरची ही वास्तू 25 मार्च 2012 रोजी खुली झाली. उद्घाटन केलं तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी, म्हणजे जळगावच्याच लेकीने. भवरलाल जैन यांनी ठिबक सिंचनातून मिळवलेला पैसा गांधींच्या कागदपत्रांसाठी आणि संग्रहालयासाठी लावला, ही मोठी गोष्ट आहे. जोधपुरी दगडाच्या भिंती उन्हात फार देखण्या दिसतात, आत थंडावा असतो, संग्रहालय मनापासून मांडलेलं आहे. माझी मोठी माय माझ्यासोबत आली होती. तिने वर-खाली पाहिलं आणि म्हणाली, “इतलं मोठं घर, आनि आठे राहस कोन?” मी तिला संग्रहालय, अभिलेखागार वगैरे समजावलं. तिने ऐकून घेतलं. पण तिचा प्रश्न मला पटला. टिळकनगरात माणसं राहिली, जेवली, झोपली, आपलं सफाईचं कामही स्वयंसेवकांनी केलं. गांधीतीर्थात माणसं रांगेने पाहून निघतात. एक जागा गांधींनी वापरली, दुसरीत गांधी जपले आहेत. जपणं आवश्यकच आहे, नाहीतर मी आज काय वाचलं असतं? तरी गांधींच्या जवळची इमारत कोणती म्हणाल, तर माझं मत पेंढ्याला.

असाच अवघडलेपणा मला राम सुतारांच्या कामापुढे येतो. धुळ्याजवळच्या गोंदूरचा, 1925 साली जन्मलेला मुलगा जे. जे.मध्ये शिकतो, पन्नासच्या दशकात पुरातत्त्व खात्यात राहून अजिंठा-वेरूळची मोडकी शिल्पं दुरुस्त करतो आणि पुढे सरदार पटेलांचा 182 मीटरचा पुतळा घडवतो. गोंदूरचं नाव घेताना ऊर भरून येतो. पण 182 मीटर ही मला माणूस पाहायची उंची वाटत नाही. पायथ्याशी उभं राहिलं की अंगरख्याच्या घड्याच दिसतात. त्यांनीच केलेले गांधींचे अर्धपुतळे मला जास्त आवडतात. त्यांच्या डोळ्याला डोळा देता येतो.

नंदलालनी फैजपूरनंतर 1938 च्या हरिपुऱ्यासाठी जे चित्रफलक केले, ते दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत आणि आमच्या अभ्यासक्रमातही. हरिपुऱ्याची चित्रं कागदावर होती म्हणून टिकली. फैजपूरचं काम बांबूवर होतं म्हणून गेलं. कलेच्या इतिहासात हरिपुरा मोठं आणि फैजपूर तळटीप, याचं कारण गुणवत्ता नाही, वाळवी आहे. मोडायच्या बोलीनेच बांधलेली जागा मोडली, यात तिचा काही दोष नाही. तिची मापं कुणी घेतली नाहीत, हा मात्र आपला दोष.

फैजपूर, सावदा, यावल, रावेर या भागात जुन्या घरांतून आजही ट्रंका आणि फ्रेमा आहेत. त्यांत 1936 च्या टिळकनगराच्या एखाद्या कमानीचं, रथाचं, मंडपाचं छायाचित्र असेल, आजोबांचा स्वयंसेवकाचा बिल्ला असेल, बांबू किंवा तट्ट्यांच्या खरेदीची पावती असेल, तर ती रद्दीत घालू नका. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ 1927 पासून असे कागद सांभाळतं, जळगावचं गांधीतीर्थही सांभाळतं. तिथे नेऊन दाखवा. आणि घरात कुणी ऐंशी-नव्वदीतलं माणूस असेल, तर मांडव कुणी बांधला होता, त्या कारागिराचं नाव आधी विचारून घ्या.