जावा बेटांतील मूर्धन्य ‘ण’

‘मन’ आणि ‘मण’ यांतील भेद मराठी कानाला सहज कळतो. पहिलें तोलतां येत नाहीं, दुसरा तराजूवरच चढावयाचा! ‘ण’ हें अक्षर येथें उच्चाराच्या बळावर उभें आहे. हेंच अक्षर समुद्रापार जावा बेटांत गेलें, तेव्हां तेथें त्याचा उच्चार लोपला. परंतु अक्षर टिकलें, आणि त्याला मोठा मान मिळाला.

दक्षिण भारतांतील पल्लव लिपि इसवी सनाच्या पांचव्या शतकाच्या सुमारास जावांत पोंचली. मध्य जावांतील चंगल येथील संजय राजाचा इ. स. ७३२ चा शिलालेख याच लिपींत असून त्याची भाषा संस्कृत आहे. पुढें तिच्यापासून कवि लिपि आणि कवि लिपीपासून जावानी लिपि झाली. संस्कृत लिहावयाचें म्हणजे सर्व वर्ण हवेत. म्हणून ख, घ, थ, फ, भ, श यांच्याबरोबर ‘ण’हि तेथें गेला. जावानी भाषेला मात्र या उच्चारांची गरज नव्हती. ट व ड यांना जुळणारे उच्चार तिच्यांत असल्यामुळें त्यांचीं अक्षरें नित्याच्या व्यवहारांत राहिलीं. ‘न’ आणि ‘ण’ एकरूप झाले.

जावानी वर्णमालेचीं मूळ अक्षरें वीस. ‘ह न च र क’ असा तिचा आरंभ. या क्रमांतूनच दोन एकनिष्ठ सेवकांची कथा सांगतात : अजि शक या आपल्या धन्याच्या परस्परविरुद्ध आज्ञा पाळतांना ते दोघे एकमेकांशीं लढून मेले. या वीस अक्षरांत ‘ण’ला जागा नाहीं.

जें बोलण्यांत उरलें नाहीं तें टाकून द्यावें, हा सरळ व्यवहार. जावानी लेखकांनीं तसें केलें नाहीं. अशा अक्षरांना ‘मुर्द’ म्हणतात. मुर्द म्हणजे मस्तक. संस्कृत ‘मूर्धन्’ त्यांत उघड दिसतो. आदरणीय व्यक्तीचें किंवा स्थळाचें नांव लिहितांना, ज्याला मुर्द रूप आहे असें पहिलें अक्षर त्या रूपांत लिहावें, असा प्रघात पडला. पहिल्याला तें नसेल तर दुसऱ्याला, दुसऱ्यालाहि नसेल तर तिसऱ्याला. महाभारतांतील नकुल जावांच्या छायानाट्यांतहि आहे. त्याच्या संस्कृत नांवांत ‘ण’ कधींच नव्हता. परंतु या प्रघाताप्रमाणें जावांत तें नांव ‘ण’च्या आकृतीनें आरंभितां येतें, आणि वाचणारा ‘न’ असाच उच्चार करतो. व्याकरणाच्या दृष्टीनें ही चूक; रीतीच्या दृष्टीनें हा नमस्कार. मराठींत ‘राव’ किंवा ‘पंत’ जोडून जो मान दिला जातो, तो तेथें एका आकृतीनें साधतो.

विसाव्या शतकांत रोमन लिपीनें जावांतील दैनंदिन व्यवहार व्यापला. जावानी लिपि शाळेंतील धडे, रस्त्यांवरील पाट्या आणि जुन्या पोथ्या यांच्या आश्रयाला गेली. तरी इ. स. २००९ मध्यें संगणकाच्या युनिकोड या सर्वलिपिसंग्रहांत तिचा समावेश झाला, तेव्हां ‘न मुर्द’ या नांवानें या अक्षराला ‘न’हून वेगळें स्थान मिळालें.

उच्चार हा अक्षराचा प्राण, असें मानण्याची रूढि आहे. जावांतील ‘ण’चा तो प्राण जाऊन शतकें लोटलीं, थोरांच्या नांवापुढें नम्र होणाऱ्या हातांनीं त्याला जगविलें. आतां त्या लिपीलाच तसे हात मिळतात कीं नाहीं, यावर त्याचें पुढील आयुष्य अवलंबून आहे.